माल्टाच्या मदतीला आलेले

कुठेही मोकळी जागा दिसली, की सुसंस्कृत माणसाचे हात मदतीसाठी शिवशिवू लागतात. मानवजातीची बहुतेक प्रगती या शिवशिवण्यातूनच झालेली आहे. मोकळी जागा समुद्रात असेल तर त्या मदतीला साम्राज्य म्हणतात, आणि जेवणाच्या टेबलावर असेल तर शाळेचा प्रोजेक्ट म्हणतात. पहिल्या प्रकारावर जाडजूड ग्रंथ निघालेले आहेत. दुसरा उपेक्षित राहिला. ही उणीव भरून काढण्याचा हा एक नम्र प्रयत्न आहे.

आखातातल्या मुऐदर उपनगरात एका व्हिलाच्या तळमजल्यावर अब्बास मुकादम यांचं बिऱ्हाड आहे. अब्बासभाई रत्नागिरीकडचे, एका ट्रेडिंग कंपनीत क्लार्क. पत्नी ताहेरुन्निसा, मुलगी अलिना, इयत्ता सातवी. अलिनाला घरचं मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र ती इंग्रजीत देते. (त्यामुळे घरात दोन भाषा सुखाने नांदतात आणि कोणालाच कोणाचं पूर्ण ऐकावं लागत नाही.)

अलिनाच्या शाळेत दरवर्षी 'हेरिटेज डे' होतो. चिठ्ठी काढून प्रत्येक मुलाला एक देश मिळतो आणि हॉलमधल्या एका टेबलावर त्या देशाचा इतिहास मांडायचा असतो. गेल्या वर्षी अलिनाला इजिप्त मिळाला होता. अब्बासभाईंनी ऑफिसातले रिकामे खोके आणून असा पिरॅमिड उठवला, की शेजारच्या टेबलावरचा नेपाळ सखल प्रदेश वाटू लागला. परीक्षकांनी अलिनाला विचारलं, आत जायचं दार कुठे आहे? अलिनाला माहीत नव्हतं. तिने मागे वळून पपांकडे पाहिलं. पपांनी पुढे होऊन दार दाखवलं. मग बबीता मिस सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अलिना, टेल युवर फादर, व्हेरी गुड वर्क." वर्ग हसला. अब्बासभाई ते वाक्य अजून पाहुण्यांना ऐकवतात. अलिना त्या दिवशी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून घरापर्यंत रडली होती, पण ते कोणाला ऐकवण्याजोगं नसल्यामुळे इतिहासात त्याची नोंद नाही.

या वर्षी तिच्या चिठ्ठीत माल्टा निघाला. शाळेने नियमही नवे केले. परीक्षक प्रत्येक टेबलाशी थांबून प्रश्न विचारणार, आणि जी तीन मुलं सगळ्यांत चांगलं सांगतील ती पूर्ण शाळेपुढे स्टेजवर बोलणार. शिवाय, पालकांनी मदत करू नये, असं शाळेने स्पष्ट कळवलं होतं. सर्व पालकांनी त्याचा रास्त अर्थ घेतला, की मदत दिसता कामा नये.

अलिनाला त्या स्टेजवर जायचं होतं. दुसरं तिला काहीच नको होतं. तिने माल्टाचा इतिहास वाचून काढला. हे भूमध्य समुद्रातलं, नकाशावर शिंतोड्याएवढं बेट. तिथे पिरॅमिडच्याही आधीची दगडी देवळं आहेत. मग फिनिशियन आले, कार्थेजवाले आले, रोमन आले, अरब आले, नॉर्मन आले, स्पेनचे राजे आले, ख्रिस्ती धर्मयोद्धे सरदार आले, फ्रेंच आले, इंग्रज आले. येणारा प्रत्येकजण बेटाच्या भल्यासाठीच आला होता. एवढं भलं सोसून बेट कसं काय तरंगत राहिलं, हे वाचताना अलिनाला एक गोष्ट सापडली. कोपऱ्यावरचा बेकरीवाला अरबीत ज्याला खुब्झ म्हणतो, त्या पावाला माल्टाचे लोक आजही जवळजवळ तेच म्हणतात. अरब जाऊन नऊशे वर्षं झाली. त्यानंतर बेटावर कोणकोण येऊन गेलं. पाव आणि त्याचं नाव तिथेच राहिलं.

"पपा, आय विल कीप वन ब्रेड," अलिना म्हणाली. "इन द सेंटर. ॲन्ड आय विल टॉक."

"आणि बाजूला काय?"

"नथिंग."

अब्बासभाईंनी मुलीकडे काळजीने पाहिलं. "अगो, आख्खा देश हाय तो. पाव ठेवून कसा भागंल? लोक काय बोलतील, बापाला थर्माकोलपण परवडत नाय?"

"आय विल डू इट मायसेल्फ, पपा."

"तूच कर. मी फक्त बघतो."

अलिनाने जेवणाच्या टेबलावर पांढऱ्या पुठ्ठ्याचं बेट कापून ठेवलं, मध्यभागी पावाएवढा गोल काढला आणि ती झोपायला गेली. त्या रात्री बेट संपूर्ण स्वतंत्र होतं. इतिहासात असे कालखंड थोडे असतात.

सकाळी बेटावर दगडी देवळं होती. अब्बासभाईंनी फक्त बघता बघता ती केली होती. दोन दिवसांत किनाऱ्याला फिनिशियन जहाजं लागली, तिसऱ्या दिवशी रोमन खांब उभे राहिले. अरबांची पाळी आली तेव्हा त्यांनी मशीद, बाजार, मोसंब्यांच्या बागा आणि पाण्याचे पाट करून निम्मं बेट अरबांना देऊन टाकलं.

"त्यांचं राज्य दोनशे वर्षांचं, आणि जागा निम्मी?" ताहेरुन्निसांनी विचारलं. त्या चहा देत होत्या.

"आपण ऱ्हातंव खय, ते बघ," अब्बासभाई म्हणाले. यजमान देशाचा मान राखण्याचा हा प्रश्न होता, त्यामुळे पावाचा गोल थोडा दक्षिणेला सरकवावा लागला. एवढ्यावर थांबलं तर चालेल, असं अलिनाला वाटलं. फिनिशियन आले तेव्हा तिथल्या लोकांनाही तसंच वाटलं असावं.

शुक्रवारी देशाच्या उत्तर टोकाच्या मदिनत अश शमालहून फुजैलचाचा आले. हे अब्बासभाईंचे चुलतभाऊ. तिकडे त्यांचं छोटं सुतारकामाचं दुकान आहे. ते दर शुक्रवारी ताजा हमूर मासा घेऊन येतात आणि जेवून जातात. माल्टा बेट स्पेनच्या राजाने धर्मयोद्ध्यांना दिलं, तेव्हा भाडं ठरलं होतं वर्षाला एक ससाणा. फुजैलचाचा आठवड्याला एक हमूर देत असल्यामुळे त्यांचा हक्क अधिकच पक्का होता. त्यांनी पुठ्ठ्यावर बोट दाबून पाहिलं.

"ह्याला बूड नाय," ते म्हणाले, आणि गाडीतून प्लायवूड घेऊन आले.

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, असं आपल्याकडे म्हणतात. सुताराच्या बाबतीत तो सोबत हातपाय घेऊनही येतो. बेट टेबलाबाहेर चारी बाजूंनी वीतभर वाढलं. पुठ्ठ्याचा समुद्र काढून निळ्या लॅमिनेटचा बसवला. किनाऱ्याने तटबंदी झाली, बुरूज झाले. हे सगळे किल्ले धर्मयोद्ध्यांनी तुर्कांना अडवायला बांधले होते, ही माहिती अलिनाने दिली तेव्हा चाचांच्या हातातला ब्रश थांबला. पण पॉलिशचा दुसरा हात मारून झाला होता, आणि कारागिराने पॉलिशला धर्माच्या वर ठेवलं पाहिजे, अशी तोड त्यांनी स्वतःच काढली.

"चाचा, व्हेअर विल आय कीप द ब्रेड?"

"ठेव ना कुठंपण. ह्या बुरजावर ठेव."

बुरूज कपाएवढा होता. अलिना म्हणाली, "थँक यू, चाचा." मोठ्यांनी काही केलं की थँक यू म्हणायचं, हे तिला घरातच शिकवलेलं होतं.

पुढची घटना माल्टाच्या इतिहासात जशी घडली तशीच मुऐदरमध्ये घडली, यात लेखकाचा काही हात नाही. नेपोलियन इजिप्तला चालला होता. वाटेत त्याने माल्टाच्या बंदरात गलबतांना प्यायचं पाणी भरू द्या म्हणून विचारलं, आणि पाण्याबरोबर बेटही घेतलं. वरच्या मजल्यावरचा यशोधन, पुण्याचा, आयटीत एक वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला, हातात वाटी घेऊन खाली आला आणि म्हणाला, "वहिनी, जरा विरजण मिळेल का?"

ताहेरुन्निसा विरजण आणायला आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा वाटी बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर होती आणि यशोधन वाकून बुरुजांकडे पाहत होता.

"बेसिकली, यात यूजर एक्स्पीरियन्स नाहीये," तो म्हणाला.

नेपोलियन माल्टात सहा दिवस राहिला. तेवढ्यात त्याने कायदे, शाळा आणि सरकार सगळं नवं केलं. यशोधनने घरून काम असल्याचं ऑफिसला कळवून साधारण तेवढ्याच वेळात बेटावर पुढील सुधारणा केल्या: जहाजांत दिवे, किल्ल्यांत दिवे, देवळांत (जिथे पाच हजार वर्षांपूर्वी दिवे नव्हते) दिवे, मोबाइलने स्कॅन करायचे चौकोनी ठसे, बटण दाबलं की तोफेचा आवाज, आणि अलिनाच्या आवाजाऐवजी संगणकातल्या एका अमेरिकन बाईचा आवाज, जो सगळा इतिहास आपोआप सांगत असे.

"म्हणजे अलिनाला काही पाठ करायला नको," तो प्रेमाने म्हणाला. तो खरोखरच चांगला मुलगा आहे.

अलिना आपल्या खोलीत गेली. तिच्याकडे बोलणं एवढंच उरलं होतं आणि तेही गेलं, हे खोलीतल्या उशीखेरीज कोणाला कळलं नाही. ताहेरुन्निसांना थोडं कळलं, कारण आईला ताट उष्टं राहिलेलं दिसतं. शिवाय तीन आठवडे घरातले सगळे जमिनीवर बसून जेवत होते, आणि डाळीत थर्माकोल निघू लागला होता. त्यांनी दुखानला आपल्या धाकट्या भावाला फोन लावला.

"रेहान, तू ये. तुझा ऐकतील. ह्या लोकांना घरातून काढ."

फ्रेंचांना घालवण्यासाठी माल्टाच्या लोकांनी इंग्रजांना मदतीला बोलावलं होतं. इंग्रज आले, फ्रेंच गेले, आणि इंग्रज एकशे चौसष्ट वर्षं थांबले. (त्यानंतर स्वातंत्र्य दिलं. त्यांचं आरमार मात्र आणखी पंधरा वर्षांनी निघालं. सामान आवरायला वेळ लागतोच.)

रेहानमामू दुखानच्या तेलक्षेत्रात पाइपलाइनचे सुपरवायझर आहेत. दुखान ते मुऐदर या अंतरात सबंध माल्टा दोनदा आडवा झोपू शकतो, पण बहिणीच्या शब्दाखातर मामू कामावरून सुटताच गाडी काढून आले. त्यांनी यशोधनला अतिशय सभ्यपणे वर पाठवलं. वायरिंगचं काम धोकादायक असून सेफ्टीत बसत नाही, असं सांगितलं. मग त्यांनी बूट काढले, बेटाभोवती एक चक्कर मारली आणि बहिणीला म्हणाले, "आपा, चहा ठेव. हार्बर चुकलाय."

मामूंच्या राजवटीबद्दल वाईट बोलणं कृतघ्नपणाचं होईल. त्यांनी गोदी बांधली, रेल्वे घातली, टेलिफोनचे खांब रोवले, प्रत्येक वस्तूला इंग्रजीत पाटी लावली आणि बेटावर कोणी केव्हा हात लावायचा याचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं. यशोधनला सल्लागार म्हणून परत बोलावण्यात आलं. चाचांना उत्तरेची तटबंदी कायमची नेमून देण्यात आली. एका आढाव्यानुसार बेटावर आता एकोणीस जहाजं, सात किल्ले, तीन देवळं, एक रेल्वे आणि शून्य माणसं होती. माणसं राहून गेली हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती जागा गोदामाला लागणार होती.

"मामू, व्हेअर इज द प्लेस फॉर द ब्रेड?"

"ब्रेड टेबलाखाली ठेव, बेटा. वर मुंग्या येतील. सेफ्टी."

"थँक यू, मामू."

गुरुवारी सकाळी हेरिटेज डे होता. चारही पुरुषांनी सुट्टी घेतली होती. फुजैलचाचांचा पिकअप दाराशी उभा होता. चौघांनी चार कोपरे धरले, "यल्ला" म्हणाले, माल्टा उचलला आणि दाराशी आणला.

माल्टा दारातून जाईना.

आडवा जाईना, तिरका जाईना, उभा केला तर किल्ले गळू लागले. बंदराची खोली, तोफांचा पल्ला, रेल्वेच्या रुळांमधलं अंतर, सगळं मोजलं होतं. दार मोजायचं कोणाच्या वेळापत्रकात नव्हतं. चाचा म्हणाले, मधून कापू. कापायचं कुठे, यावर सर्वांचं एकमत होतं: दुसऱ्याच्या भागातून. अब्बासभाई अरबांना हात लावू देईनात. मामू म्हणाले, गोदी तोडली तर अर्थव्यवस्था कोसळेल. यशोधन म्हणाला, मेन सर्किट किल्ल्याखालून गेलंय. चाचा करवतीवर हात ठेवून उभे राहिले. दारातल्या दारात युरोपातल्या एखाद्या परिषदेला शोभेल अशी चर्चा सुरू झाली.

बाहेर शाळेच्या बसचा हॉर्न वाजला. दार माल्टाने अडलं होतं. ताहेरुन्निसांनी मुलीला स्वयंपाकघरात नेलं, काल संध्याकाळी बेकरीतून आणून ठेवलेला पाव स्वच्छ पांढऱ्या फडक्यात बांधला आणि मागचं दार उघडलं.

"जा," त्या म्हणाल्या. "ह्या लोकांचा आटपंल तवा आटपंल."

चर्चेच्या ओघात देशाची सगळी लोकसंख्या मागच्या दाराने निघून गेली, आणि राज्यकर्त्यांना पत्ता लागला नाही.

हॉलमध्ये अलिनाचं टेबल मोकळं होतं. तिने फडकं अंथरलं, मध्यभागी पाव ठेवला आणि ती मागे उभी राहिली. शेजारी जपान होता. त्यात फुजियामा पर्वतातून खरा धूर निघत होता आणि टेबलाखाली कोणाच्या तरी बाबांचे पाय दिसत होते. बबीता मिस आल्या, त्यांनी पावाकडे पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

परीक्षक बाईंनी इंग्रजीत विचारलं, "इतकंच?"

"माझ्याकडे बाकीचंही होतं," अलिना इंग्रजीत म्हणाली. "किल्ले, जहाजं, रेल्वे. ते दारातून आलं नाही. हे आलं." मग तिने सांगायला सुरुवात केली. कोण आलं, कशासाठी आलं, काय बांधून गेलं. फिनिशियनांपासून इंग्रजांपर्यंत ती एकदाही अडली नाही. या प्रत्येक राजवटीखाली ती स्वतः राहिलेली होती.

"आणि एवढी सगळी मंडळी आली-गेली, तेव्हा तिथले लोक काय करत होते?" बाईंनी विचारलं.

नेमके तेव्हाच चौघे राज्यकर्ते हॉलच्या दारात पोचले. त्यांच्या हातात माल्टाचा निम्मा भाग होता. (उरलेल्या निम्म्याचा वाद न्यायप्रविष्ट होता.) अब्बासभाई सर्वांत पुढे होते. त्यांनी प्रश्न ऐकला, आणि वडिलांच्या सवयीने एक पाऊल पुढे टाकलं.

अलिना म्हणाली, "दे बेक्ड ब्रेड. ॲन्ड दे सेड, थँक यू, अंकल."

परीक्षक बाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. अब्बासभाईंचा पाय होता तिथेच राहिला. गेल्या वर्षीची बसची खिडकी, तिथलं रडणं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. पण मुलीने या वेळी मागे वळून पाहिलं नाही, हे त्यांना दिसलं, आणि फार लागलं. उत्तरात अरबांची मोसंबी राहिली होती. ती त्यांच्या जिभेवर आली होती. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मुलीच्या शिक्षणासाठी त्यांनी आजवर केलेली सर्वांत मोठी मदत हीच असावी, पण ती थर्माकोलची नसल्याने कोणाला दिसली नाही.

अलिनाचा तिसरा नंबर आला. ती स्टेजवर गेली, माइक आपल्या उंचीला ओढून घेतला आणि बोलली. शेवटच्या रांगेत ताहेरुन्निसा टॅक्सी करून येऊन बसल्या होत्या. त्यांना इंग्रजी अर्धंच कळतं, पण त्या पूर्ण रडल्या. पहिला नंबर जपानचा. धुराला पर्याय नसतो.

रात्री मुऐदरच्या घरात सगळे पुन्हा टेबलाशी बसून जेवले. पावाची कल्पना मुळात आपलीच, हे चौघांनी चार वेळा सांगितलं. मामू पुढच्या वर्षीचं वेळापत्रक आत्ताच करू म्हणाले. अलिना पानावरून उठली, हात धुतले, आपल्या खोलीत गेली आणि जाताना पहिल्यांदाच सर्वांना समजेल अशा शुद्ध घरच्या भाषेत म्हणाली, "माझा मी करीन. खलास." मग आतून कडी लागल्याचा आवाज आला.

येथे माल्टाचा इतिहास संपतो. आता हा इतिहास शेवटपर्यंत वाचणाऱ्या जाणत्या वाचकांबद्दल एक शब्द. नुसत्या पावाऐवजी त्याशेजारी वाटीत थोडं ऑलिव्ह तेल ठेवलं असतं, मागे एक छोटासा नकाशा टांगला असता, निदान फडकं तरी पांढऱ्याऐवजी लाल घेतलं असतं, तर पोरीचा पहिला नंबर कुठे गेला नव्हता, हे तुमच्या मनात एव्हाना येऊन गेलेलंच आहे. सूचना उत्तम आहे. घर तुम्हाला आता माहीत आहे. खोलीला कडी आहे, पण हळूच टकटक करून पाहा. फक्त मदतीला आलोय म्हणा. तुमच्या आधी आलेलेही तसंच म्हणाले होते.